अकोटच्या चौकातला वैशालीचा फ्लेक्स

वैशाली काल गेली. तिच्या ऑफिसातून अकोटला फोन आला, तेव्हा तिच्या बाबांनी सांगितलं, "राँग नंबर लागला तुमचा. आमची पोरगी तं परदेशात हाये."

आणि फोन ठेवून दिला.

मग तो फोन मला आला, अमरावतीला.

जमेल तसं लिहितेय.

वैशाली माझी कॉलेजची रूममेट. मुंबईकडे एका बंदरावर कस्टम्स ऑफिसर होती. बाहेरून आलेले कंटेनर उघडायचे, माल तपासायचा, हे तिचं काम.

मालाला कीड लागू नये म्हणून कंटेनर बंद करताना आत विषारी गॅस सोडतात. आपण गव्हात गोळ्या टाकतो ना, तसंच काहीसं. कधीकधी तो गॅस आतच कोंडून राहतो.

मागे एक हमाल दार उघडताच तिच्यासमोर कोसळला होता. वाचला बिचारा. पण हिच्या डोक्यातून ते काही गेलं नाही.

दार उघडायच्या आधी आतली हवा कशी तपासायची, याचं ट्रेनिंग युरोपात होतं. खर्च सगळा तिथल्या एका सरकारच्या मदतीतून. हिने अर्ज केला आणि सिलेक्ट झाली.

अकोटात कोण आनंद! कापसाच्या जिनिंगमधून रिटायर झालेल्या काकांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, चौकात फ्लेक्स लावला. शाल-श्रीफळ झालं.

पोरगी तिकडं काय शिकणार, असं कोणी विचारलं की काका छाती फुगवून सांगायचे, "दार उघडाले."

सगळे हसायचे. तीही हसायची.

निघायच्या तोंडावर ईमेल आला. त्या सरकारने मदतच बंद केली होती. ट्रेनिंग कॅन्सल.

मी म्हटलं, काकांना लगेच सांग.

"फोनवर नाही सांगत वं," ती म्हणाली. "बाबा फ्लेक्स लावून बसले. शनिवारी अकोटले येईन, समोर बसून सांगीन."

तोवर तूही गप्प राहा म्हणाली. आणि गेल्या आठवड्यात, विमानात बसायच्या दिवशी, नेहमीसारखी ड्युटीवर गेली.

आज शनिवार आहे.

काल सकाळी तिने एका कंटेनरचं दार उघडलं. आत गॅस होता म्हणतात. चौकशी होईल, रिपोर्ट येईल. मला भयंकर राग येतोय आणि तो कोणावर काढायचा तेच कळत नाही. एवढ्या लांबच्या देशात कोणीतरी एक सही केली असेल. त्याला अकोट कुठे आहे तेही माहीत नसेल.

मिळेल त्या एसटीने इथे अकोटला आले. चौकात फ्लेक्स होता. तिचा हसरा फोटो, खाली 'हार्दिक अभिनंदन'. मी मान खाली घालून पुढे गेले.

काका ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. रडले नाहीत.

"म्हंजे थे इथंच होती?"

मी हो म्हटलं.

"आठवडाभर फोन नाही केला म्या तिले. मले वाटलं, तिकडं रात असन. झोपली असन."

शनिवारी येईन म्हणाली होतीस, वैशाली.

संध्याकाळी आणतायत तुला. काका फाटकापाशी खुर्ची टाकून बसलेत.

शेवटचा नमस्कार गं माझा.