इवायांची कासवं आणि माझं कुंपण

चहा आधी संपवून घ्या. नंतर ठसका लागला तर मला बोलू नका! कारण आता मी माझ्याच अकलेची जी गोष्ट सांगणार आहे, ती ऐकताना तोंडात घोट असणं धोक्याचं आहे.

माझं सौंसरला तारजाळीचं दुकान. शाळेशी माझं फारसं जमलं नाही; धंदा मी गिऱ्हाइकांकडूनच शिकलो. लोधीखेड्यापासून पांढुर्ण्यापर्यंत संत्र्याच्या किती बागांना माझी जाळी लागली, विचारू नका. माझ्या जाळीपाशी रानडुक्कर येतो, वास घेतो आणि शेजाऱ्याच्या वावरात शिरतो. मग तो शेजारी माझ्या दुकानात येतो. धंदा असा चालतो!

माझे इवाई, म्हणजे माझ्या रंजूचे सासरे, पांढुर्ण्याला असतात. त्यांच्याकडे दोन कासवं आहेत. आपल्या नदीतली नव्हेत हं. परदेशी जात, रीतसर नोंद केलेली. नावं काय? भाऊसाहेब आणि ताईसाहेब! घरात त्यांना कोणी अरे-तुरे करत नाही. भाऊसाहेब जेवले का, ताईसाहेब उठल्या का, असं चालतं. मला जावयालाही कधी जेवढा मान द्यावा लागला नाही, तेवढा या कासवांना द्यावा लागला.

ऐन उन्हाळ्यात इवायांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. घरची सगळी नागपूरला जाणार. इवाई दोन टोपल्या घेऊन माझ्या दारात.

"इवाई, माझे डोळे डॉक्टरच्या हातात अन् भाऊसाहेब-ताईसाहेब तुमच्या हातात. काही कमी-जास्त झालं तं मी अन्न घेणार नाही."

त्यांच्यामागे रंजू उभी होती. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली, की बाबा, मला त्याच घरात राहायचं आहे!

"अजी, रोही-रानडुक्कर अडवतो मी," मी छाती फुगवली. "कासवाचं काय घेऊन बसले?"

आणि लागलो ना कामाला! दुकानामागच्या अंगणात टोपल्या रिकाम्या केल्या आणि दोघांच्या भोवती माणसाच्या उंचीची जाळी ताणली. वर काटेरी तार. शेतात आम्ही जाळी जमिनीत गाडतो, पण अंगणात खणायला डुक्कर थोडाच येणार? म्हणून गाडायचं काम वाचवलं. बाकी मात्र सवयीने सगळं केलं. डुकरं बिचकावीत म्हणून शेतकरी बांधतात तशा जुन्या साड्या चहूबाजूंनी बांधल्या. नाकात केस गेले की डुक्कर परततो, म्हणून न्हाव्याकडून पोतंभर केस आणून भोवती पसरले. तारेत करंट सोडणारं झटका मशीनही लावणार होतो, पण बायको म्हणाली, "अहो, मी तिथं कपडे वाळत घालते. मले मारता का?"

जेवण वरून टाकायचं. जास्वंदाची पानं, गवत, भोपळ्याची साल. पुष्पवृष्टीच म्हणा!

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तर ताईसाहेब एकट्या. भाऊसाहेब गायब!

जाळी शाबूत. साड्या शाबूत. केसांवर पावलाचा ठसा नाही. मग काय समजायचं? चोरी! तीही मुरलेल्या चोराची!

तेवढ्यात इवायांचा फोन. व्हिडिओवाला.

"भाऊसाहेब काय करून राहिले?"

"आराम करून राहिले."

"दाखवा तं जरा."

आता? मी फोन जाळीला लावला आणि ताईसाहेबांचं तोंड दाखवलं. "ह्या ताईसाहेब." मग पलीकडच्या बाजूला धावत गेलो, साडी बाजूला केली आणि त्याच ताईसाहेबांची मागची बाजू दाखवली. "अन् हे भाऊसाहेब!"

इवाई म्हणाले, "बरं."

सुटलो, वाटलं मला! लगेच गिऱ्हाइकांना कामाला लावलं. जो भाऊसाहेबांना शोधून आणेल त्याला तारेचं बंडल फुकट. संध्याकाळपर्यंत माझ्या दुकानासमोर ही गर्दी! सावरगावचा एक जण नदीतलं कासव बादलीत घालून आला.

"अबे, नदीतलं कासव धरणं गुन्हा आहे, मले जेलात पाठवतो का? जिथून आणलं तिथं सोडून ये!"

दुसऱ्याने काळं हेल्मेट आणलं. म्हणे, वावरात पडलं होतं, लांबून तसंच दिसलं. वर बंडलही मागू लागला!

सकाळी दुकान उघडतो न उघडतो तोच समोर इवाई. सोबत रंजू.

"अजी, ऑपरेशन?"

"ते राहू द्या. काल तुम्ही ताईसाहेबांची मागची बाजू दाखवून भाऊसाहेब म्हणून राहिले होते. इवाई, मोतीबिंदू माझ्या डोळ्यात हाय, डोक्यात नाही!"

रंजूने पदराने घाम पुसला. घाम की काय, देव जाणे. मी हात जोडले. "चोरी झाली, इवाई!"

ते तडक अंगणात गेले. पाहतो तर आता ताईसाहेबही दिसेनात! इवायांनी कुंपणाला एक फेरी मारली, आणि मग दुसरी.

"फाटक कुठी हाय?"

"फाटक?"

"आत जाच्याचं."

आता काय सांगू? आमच्या धंद्यात जाळी आमची आणि फाटक वेल्डिंगवाल्याचं. आजवर कोणाला फाटक लावून दिलंच नाही, तर स्वतःला कुठून सुचणार?

"मंग तुम्ही आत जाता कसे?"

"जातच नाही."

"तं भाऊसाहेब आत नाहीत, हे पाहिलं कुठून?"

"...बाहेरून."

"बाबा!" रंजू एवढंच म्हणाली.

शेवटी मी माझ्याच हाताने माझीच जाळी कापली. सराफाने स्वतःचं सोनं खोटं ठरवावं तसं! बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी. "शेठ, जन्मभर तुटत नाही म्हनत होते न?"

इवाई आत शिरले. कोपऱ्यातल्या साडीचा काठ उचलला. खाली जमिनीत ढोलीएवढं भोक! ते पालथे पडले, खांद्यापर्यंत हात घातला आणि मातीने माखलेल्या ताईसाहेब बाहेर काढल्या. त्यांच्यामागून भाऊसाहेब. दोघंही ठणठणीत, फक्त झोपमोड झाल्याने नाराज.

"ऊन वाढलं की सावली पाहून बीळ करतात हे. रोजचंच हाय. पन हे पाहा," इवायांनी बोट दाखवलं. बीळ थेट जाळीच्या खालून पलीकडे निघालं होतं; वर पापुद्र्याएवढी माती उरली होती. "आज संध्याकाळी थंड झालं असतं की दोघंही मागच्या नाल्यात असते. इवाई, तुमी भाईरच्याले आत येऊ देत नाही, हे पटलं. पन आतल्याचं काय?"

इवायांनी टोपल्या उचलल्या आणि रंजूला घेऊन गेले. चहालाही थांबले नाहीत.

पुढे ऑपरेशनची वेळ पुन्हा आली, तेव्हा रंजूचा फोन. "बाबा, मामंजी म्हणतात, तुम्ही इकडेच राहायला या. कासवांपाशी आपलं माणूस पाहिजे."

मला तर भरून आलं हो! शेवटी इवायांनी माफ केलं तर! गेलो पांढुर्ण्याला. तिथं कासवांची जागा काय देखणी! भोवती फरशीचे तुकडे जमिनीत खोल गाडलेले, कोपऱ्यात सावली, पाण्याची पसरट थाळी. मी शेजारी बाज टाकली आणि डोळ्यांत तेल घालून बसलो.

शेजारच्या काकू मात्र घटकेघटकेला भिंतीवरून डोकावायच्या. भाऊसाहेबांना पानं टाकायच्या, ताईसाहेबांचं पाणी पाहायच्या आणि मला विचारायच्या, "चहा झाला का जी? उन्हात नका जाऊ."

शेवटी मी म्हटलं, "काकू, तुम्ही काहून तरास घेऊन राहिल्या? कासवांकडे मी आहे ना!"

"तसं नाही बाप्पा," काकू म्हणाल्या, "तुमचे इवाई जाता जाता सांगून गेले न मले. म्हने, तिघांकडं ध्यान देजा. त्यातले दोघं तसे शाने हायेत."