पाद्रींना उशिरा दाखवलेलं पत्र
कोकमं वाळत घातल्याचा वास आला, की लाल बोटांचे ठसे उमटलेलं एक पोर्तुगीज पत्र आठवतं. मालवणात मी मास्तर होतो, आणि शेजारच्या ख्रिस्ती मावशीचा मुलगा आफ्रिकेत इस्पितळात होता. तिथून आलेलं पत्र घेऊन ती कोकमाच्या लाल हातांनीच माझ्याकडे आली. “मास्तरानू, वाचून दाखवा, नायतर पाद्रीकडे जातंय.” मला थोडं फ्रेंच येत होतं, पोर्तुगीज नाही, पण तसं सांगायला जीभ वळेना. पत्रात नकारासोबत ‘एन्तेन्दे’ दिसलं; तसाच फ्रेंच शब्द ऐकण्यासाठी असतो, म्हणून म्हणालो, “तेका आयकाक येणा नाय, इतक्याच.” “कान गेले तर गेले, जीव आसा मां!” ती निश्चिंत झाली. मुलगा गेल्याची तार आल्यावर मी पाद्रींना पत्र दाखवलं. ते म्हणाले, पोर्तुगीजमध्ये तो शब्द समजण्यासाठी असतो; पत्रात लिहिलं होतं: मुलाला काही समजेनासं झालंय, घरच्या कुणीतरी लगेच यावं. मावशीला हे मी कधीच सांगितलं नाही. ती शेवटपर्यंत मुलासाठीची प्रार्थना मोठ्याने ओरडून म्हणायची, बहिऱ्या लेकाला ऐकू जावी म्हणून. मला ती अजून ऐकू येते.