न केलेली चूक

देवमाणसाशी संसार करणं म्हणजे काय असतं, हे त्याला देवमाणूस म्हणणाऱ्यांना विचारून उपयोग नाही. त्याच्या बायकोला विचारावं. बावीस वर्षं ती तो संसार करत होती आणि बावीस वर्षं तिच्या डोक्याला ताप होता.

तो हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत चादरी पिळायच्या मोठ्या मशीनवर होता, आणि ती तिथेच घड्या घालायला. रांगेत कुणी त्याच्या पायावर पाय दिला, तर "माफ करा" हाच म्हणणार. शिंप्याने पँट चार बोटं आखूड शिवली, तर म्हणाला, "माझेच पाय जरा लांब आहेत." शेजाऱ्यांच्या नळाचं पाणी यांच्या भिंतीत झिरपलं, तर वरताण म्हणजे हाच शेजाऱ्यांकडे जाऊन दिलगिरी व्यक्त करून आला. चर्चमध्ये कायम शेवटच्या बाकावर, दाराच्या वाऱ्यात. पुढे या म्हटलं की हात जोडायचा. पाळकसाहेब नम्रतेवर बोलायला लागले की अख्खी मंडळी माना वळवून त्याच्याकडे बघायची आणि हा खाली बघून लाजायचा. तेव्हा बायकोच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

"अहो, एकदा तरी म्हणा, माझं नाही चुकलं!"

"जाऊ दे गं. माझंच चुकलं."

आता या माणसाशी भांडायचं तरी कसं? भिंतीवर डोकं आपटून घ्यावं, तर हा आधी भिंतीला विचारील, लागलं का म्हणून.

आणि मग बुधवारी ते झालं. मशीन गरगर फिरत असताना झाकण उघडलं आणि बाजूला उभ्या असलेल्या लॉण्ड्रीतल्या कामवाल्या मावशींची बाही आत ओढली गेली. बाही टरकन फाटली म्हणून हात वाचला. इनचार्जबाई धावत आल्या, मेकॅनिकला बोलावणं गेलं. मेकॅनिक म्हणे, झाकणाची खिट्टी ठणठणीत आहे, आठ दिवसांपूर्वीच तपासलीय. इनचार्जबाई म्हणे, मग झाकण काय भुताने उघडलं? आवाज चढले, मावशी रडायला लागल्या. आणि आमचा देवमाणूस मध्ये जाऊन उभा राहिला. "मॅडम, खिट्टी लावायची माझ्याकडूनच राहिली." लेखी मागितलं, तर लेखीही दिलं. खाली झोकदार सही.

झालं. मशीन निर्दोष सुटलं. त्याला मशीनवरून उठवून मळक्या चादरींच्या पिशव्या सोडायला बसवलं. आणि गुरुवारी सुटायच्या वेळेला इनचार्जबाईंनी त्याच्या बायकोला सांगितलं, "उद्यापासून मशीनवर तुम्ही."

घरी आल्यावर ती भाजी चिरायला बसली, म्हणजे भाजीवर राग काढायला बसली. तो समोर लसूण सोलत होता.

"इतकी वर्षं खिट्टी लावताय, त्याच दिवशी कशी विसरलात?"

त्याने पुढची पाकळी उचलली.

"तोंडात मिठाची गुळणी धरलीय का? बोला की!"

"लावली होती."

"काय?"

"खिट्टी लावली होती मी. मशीन तापलं की ती आपोआप सुटते. मागेही एकदा सुटली होती."

सुरी तिच्या हातात तशीच राहिली. "आणि उद्या त्या मशीनवर मी उभी राहणार आहे."

"तू जरा लांब उभी राहा." मग तो चाचरत म्हणाला, "मी सांगणारच होतो गं. पण आता सांगितलं तर वाटेल, जागा परत हवी म्हणून बोलतोय. स्वतःला मोठं केल्यासारखं होतं ते. प्रभूवर आरोप झाले, तेव्हा तोही गप्पच राहिला ना?"

आता मात्र तिचा तोल सुटला. "गप्प राहिला! 'होय, मीच केलं' असं लिहून खाली सही नाही केली त्याने! गप्प बसणं वेगळं आणि खोटं बोलणं वेगळं, एवढंही कळत नाही? इतकी वर्षं चर्चला जाऊन हेच शिकलात? आणि तुमची ही नम्रता कुणाच्या हातावर बेतते? काल मावशींच्या. उद्या माझ्या."

त्याने तोंड उघडलं. पुढचे शब्द तिला पाठ होते.

"खबरदार, 'माझंच चुकलं' म्हणालात तर!"

तोंड मिटलं. सोललेली पाकळीच त्याने पुन्हा सोलायला घेतली. मग अगदी हळू म्हणाला, "लोक देवमाणूस म्हणतात ना, ते मला आवडतं गं."

बावीस वर्षांत जगातल्या सगळ्या चुका या माणसाने पदरात घेतल्या होत्या. स्वतःची म्हणावी अशी ही पहिलीच.

सकाळी तो इनचार्जबाईंच्या टेबलापुढे उभा राहिला. ती दाराशी.

"मॅडम, मी खोटं लिहून दिलं. खिट्टी लावली होती. चूक माझी नव्हती." कडू काढा घोटाघोटाने घशाखाली उतरवावा तसं त्याने हे म्हटलं. कान लालबुंद झाले होते. "भांडण मिटावं म्हणून खोटं बोललो. ती चूक माझी."

"वा! बायकोची पाळी आली तेव्हा आठवलं का?"

दाराशी तिची जीभ शिवशिवली. पण तोच बोलला. "हो मॅडम. मावशींसाठीच आठवायला हवं होतं."

मेकॅनिक आला, मशीन रिकामं फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा काही नाही. इनचार्जबाईंच्या भुवया वर चढत होत्या. चौथ्यांदा मशीन चांगलं तापलं आणि खिट्टी खट्कन सुटली. मशीन तिथल्या तिथे बंद करून ठेवलं गेलं. मेकॅनिकची खरडपट्टी निघाली आणि देवमाणसाला खोटं लिहून दिल्याबद्दल मेमो मिळाला. त्याची एक प्रत नोटिसांच्या फळ्यावरही लागली. पिशव्यांवरची बदली कायम राहिली.

दुपारपर्यंत लॉण्ड्रीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. घड्या घालता घालता एक बाई मोठ्याने म्हणाली, "देवमाणूस म्हणे! लबाड निघाला. मावशींचा हात गेला असता की."

बायकोने हातातली चादर टाकली आणि ताडकन उठली. बावीस वर्षांचं साचलेलं आज कुणावर तरी निघणार होतं. जाता जाता तिने पिशव्यांच्या ढिगाकडे बघितलं. आता हा हात जोडणार, खाली मान घालणार, लाजणार.

त्याने हात जोडले नाहीत. त्या बाईकडे सरळ बघत तो म्हणाला, "खरं आहे. गेला असता." आणि पुढच्या पिशवीची गाठ सोडायला लागला.

बाई वरमली. बायको अर्ध्या वाटेवर तशीच उभी राहिली, मग परत येऊन चादर उचलून बसली. त्या बाईवर ती चिडली होती, मेकॅनिकवर चिडली होती, फळ्यावरच्या कागदावर चिडली होती. नवऱ्यावर चिडायला मात्र आज काहीच सापडेना, आणि त्याचाही तिला रागच आला.