दुधाच्या गाडीसाठी दहावं घर

मोखाड्याच्या एका दुग्धविकास प्रकल्पात मी कंत्राटी नोकरीला लागले, ती इंग्रजी वाचता येतं म्हणून. वरून येणारे अहवाल, नियम, अटी सगळं इंग्रजीत असायचं आणि ऑफिसात ते न वाचताच फाइलला लावायची पद्धत होती. मी सगळं वाचायचे. कुणाशी बोलण्यापेक्षा ते सोपं होतं. त्यातून कळलं की जगात सगळ्यात जास्त दूध आपल्या देशात होतं, पण बाहेर फार थोडं जातं, कारण बहुतेक आपणच पिऊन टाकतो. उरलेल्याची पावडर होते, लोणी-तूप होतं, त्यातलं काही जहाजात चढतं. बाहेर पावडरीचा भाव पडला की इकडे दुधाचा भावही उतरतो. कुठल्या तरी दूरच्या बंदराचा आणि खोडाळ्याच्या बाजारातल्या किटलीचा असा संबंध असावा, याचा मी ऑफिसात बसून खूप विचार करायचे.

एकदा सुपरवायझर सरांबरोबर खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावर गेले. तिथे दुधाची गाडी सुरू करायची होती. त्यासाठी दहा घरं लागत होती आणि नऊ झाली होती. सगळ्यात जास्त घाई होती एका तरुण बाईला. तिने प्रकल्पातून संकरित गाय घेतली होती. रोज दोन वेळा दूध डोक्यावर घेऊन ती खोडाळ्यापर्यंत चालत जायची आणि उन्हात उशीर झाला की ते नासायचं. गाडी आली नाही तर गाय परत करायची, असं घरात ठरलं होतं.

दहावं घर तिच्या थोरल्या जावेचं, शेजारीच. धाकटीही आमच्याबरोबर तिथे आली. अंगणात नागली वाळत घातलेली, बाजूला गावठी गाय आणि तिचं बारा दिवसांचं वासरू. थोरलीने आम्हाला कोरा चहा दिला. या पाड्यांवर चहा कोराच मिळतो. दूध परवडत नसेल, असं मी जव्हारला वाढले तेव्हापासून धरून चालले होते.

सरांनी अर्ज पुढे केला. "मावशी, दिवसाला किती लिटर द्याल?"

"नाय देणार."

"थोडं तरी?"

"वासराचं आहे ते. आमी कदी काढलंच नाय. आमाला बैल पायजे, दूध कशाला?"

म्हणजे दारात गाय असूनही चहा कोराच होता. मी पेला खाली ठेवला आणि वासराकडे बघत बसले. ते ढुशा देत पीत होतं.

धाकटी चिडली. "एका नावासाठी अडलंय सगळं. माजी गाय गेली तर तुमाला बरं वाटंल ना, बाय?"

"तुजी गाय आहे कुठची, ते आदी बघ," थोरली म्हणाली. मग अचानक माझ्याकडे वळली. "मॅडम, इतकं दूध जमवून नेतात कुठं?"

मी सरांकडे पाहिलं, ते फोनला रेंज शोधत अंगणाच्या टोकाला गेले होते. मग मीच सांगितलं. घाट चढून नाशिककडे, तिथून डेअरीत, आणि काही दुधाची पावडर होऊन परदेशात.

"तिकडं गाया नाय?"

"आहेत. तिकडच्या लोकांनासुद्धा त्यांचं दूध आपल्याला विकायचं आहे."

"आपलं तिकडं, त्यांचं इकडं! येडे झालेत का?"

मी वाचलेलं आणखी एक सांगितलं. तिकडे काही ठिकाणी गाईंच्या खाद्यात जनावरांचं रक्त-मांस वाळवून मिसळतात. तसलं खाद्य घातलेलं नाही असा दाखला असल्याशिवाय आपलं सरकार त्यांचं दूध आत घेत नाही.



"गाय मटण खाते?" थोरलीने विचारलं आणि शेजारच्या गोठ्यातल्या धाकटीच्या काळ्या-पांढऱ्या गाईकडे बोट केलं. "ही त्यांच्यातलीच ना? कोंबड्या मोजून ठेव गो!"

धाकटीलाही हसू आवरलं नाही. पण हसता हसताच ती पदराने डोळे पुसायला लागली आणि पुसतच राहिली. थोरलीने ते पाहिलं. ती उठून, धार काढायला म्हणून, वासराला बाजूला घेऊन बांधायला लागली, मग तिनेच दावं पुन्हा सोडलं.

मी पिशवीतून गाडीच्या अटींचा कागद काढला. वाचलेलं मला आठवत होतं, तरी खात्री करून घ्यायची होती. दुभतं जनावर असलेली दहा कुटुंबं, एवढंच लिहिलं होतं. किती दूध, ते कुठेच नव्हतं. लिटरचा रकाना फक्त आमच्या ऑफिसच्या अर्जात होता.

"नाव घालू?" मी थोरलीला विचारलं. "दूध द्यायला नको."

"नाव घाल. आन् लिव, वासरू पितं."

मी लिटरच्या रकान्यात शून्य लिहिलं आणि शेऱ्यात वासरू पितं असं. तिने अंगठा नाही, सही केली, अक्षरं एकेक करून.

सर परत आले. "शून्य लिटर? मॅडम, वर काय सांगू मी?"

"अटीत लिटर नाहीत, सर. घरं आहेत." माझा आवाज इतका बारीक निघाला की कागदच पुढे करावा लागला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग खिशातून पेन काढून यादीत नऊच्या जागी दहा केले.

"सोमवारपासून गाडी येईल. सकाळी सहाला."

"म्हंजे पाचला धार काढाय लागंल. उद्यापासनं पाचलाच काढते," धाकटी म्हणाली. ती तशीच उठून गोठ्यात गेली आणि गाईचं पाणी बदलायला लागली.

"उद्यापासनं कशाला? सोमवार लांब आहे," थोरली म्हणाली.

"सवय नको व्हायला तिला?" गोठ्यातून आवाज आला.