नकार घ्यायला आलेय

नोकरी लागलेल्या माणसाकडे सांगायला फार काही नसतं. इंटरव्ह्यू दिला, सोमवारपासून जॉइन झालो, संपलं! पण ज्याला नोकरी लागत नाही त्याच्याजवळ जाऊन बसा. प्रत्येक अर्जामागे एक किस्सा, आणि ऐकणाऱ्याकडे त्याहून भारी किस्सा तयार! आमची इंजिनिअरिंगची डिग्री कपाटात पडून होती त्या काळात आमच्याकडे इतके किस्से साठले की त्या विषयात आम्ही डिस्टिंक्शनमध्ये आलो असतो.

आमचा अड्डा म्हणजे दूध कट्टा. कोल्हापुरात संध्याकाळी म्हशी रस्त्याकडेला येऊन उभ्या राहतात आणि गवळी तुमच्यासमोर धार काढून फेसाळता ग्लास हातात देतात. तिथं आम्ही चौघं जमायचो. मुरगूडचा दिग्विजय, म्हणजे दिग्या, ज्याचा आवाज ऐकून म्हशीसुद्धा मागे सरकायच्या. कागलजवळचा सन्मती, जैन शेतकरी घरातला, अतिशय शांत. आजऱ्याची वंदना, घरचा काजूचा लहानसा कारखाना. आणि चौथा मी.

चौघांची तक्रार एकच. कंपन्या बोलत नाहीत! 'नको' म्हणाल्या तर निदान कळतं तरी. पण एकदा 'वुई विल गेट बॅक टू यू' म्हणाले की पुढे सगळं चिडीचूप.

दिग्या म्हणायचा, "हिरीत दगड टाकला तर बुडुक तरी म्हणतंय की! हितं तेबी न्हाय!"

* * *

दिग्याचंच आधी सांगतो.

पुण्याच्या एका कंपनीचा ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. मुरगूडच्या त्याच्या घरात रेंज येते ती फक्त गोठ्याच्या दारात. मग यानं दोरीवर पांढरी चादर टांगली, वर शर्ट-टाय, खाली बर्मुडा, आणि ऐटीत स्टुलावर बसला. टीमवर्कवर भाषण रंगात आलेलं, आणि चादरीमागून म्हैस रेकली!

साहेबांनी विचारलं, "हू इज दॅट?"

दिग्याला खोटं बोलता येत नाही. "सर, आमची म्हस हाय."

साहेबांचा चेहरा एकदम उजळला. "कुठली? मुऱ्हा का?"

झालं! इंग्रजी गेलं, टीमवर्क गेलं. साहेबांचं लहानपण गावात गेलेलं. चादर बाजूला झाली, लॅपटॉप फिरला, साहेबांनी म्हैस बघितली, रेडकू बघितलं, वैरण काय घालता तेही विचारलं. शेवटी रेडकाकडे बघतच म्हणाले, "व्हेरी नाइस टॉकिंग टू यू. वुई विल गेट बॅक टू यू."

महिने गेले. दिग्या आशा सोडून बसला, आणि एके दिवशी त्याच साहेबांचा फोन! दिग्यानं हातानं खुणा करून सगळं घर गप्प केलं.

"दिग्विजय, तुमच्याकडे घरचं तूप मिळेल का हो?"

दिग्याच्या आईनं मोठ्या मनानं बरणी भरून पाठवली. दुसऱ्या आठवड्यात कट्ट्यावर दिग्या ओरडत होता, "त्येचंबी काय उत्तर न्हाय! नोकरीचं ऱ्हाऊ दे मर्दा, तूप कसं हुतं तेवढं तरी सांगायचं की!"

* * *

माझं जरा वेगळं आहे. जिथं जिथं अर्ज केला तिथून कुणाचं काही आलं नाही, आणि एके सकाळी बंगळूरच्या एका कंपनीची मेल आली. 'वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू.' मी चार वेळा वाचली. त्या कंपनीचं नावसुद्धा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो. अर्ज करायचा प्रश्नच नव्हता!

मी ती मेल कट्ट्यावर दाखवली. दिग्यानं ग्लास खाली ठेवून माझ्या खांद्यावर हात टाकला. "भावा, मार्केटमध्ये नाव झालंय तुझं!"

* * *

सन्मतीचा किस्सा मात्र मी कधी हसत सांगू शकलेलो नाही.

त्याच्या घरी दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. शिरोलीच्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, त्याला सकाळी बोलावलं होतं. थंडीचे दिवस. दुपार झाली, टळली, याचा नंबर काही येईना. ऊन कलायला लागलं तसा यानं रिसेप्शनमध्येच डबा उघडला, आणि नेमकं तेव्हाच नाव पुकारलं!

आम्ही कुणीही डबा झाकून आत पळालो असतो. हा उठला, हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, मी दिवस मावळायच्या आत जेवतो. पाच मिनिटं मिळतील का? नसेल जमत तर राहू दे, मी तसाच येतो."

एचआरच्या मॅडम बघतच राहिल्या. "जेवा, जेवा," म्हणाल्या.

आणि हा पठ्ठ्या शेजारच्या खुर्च्यांकडे वळला. "या की जेवायला." सकाळपासून उपाशी बसलेले, एकाच खुर्चीसाठी एकमेकांच्या फायली चोरून बघणारे ते सगळे उमेदवार त्या एका डब्याभोवती जमले! भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी. मॅडमसुद्धा अर्धी भाकरी हातावर घेऊन आत गेल्या. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. सन्मतीला त्यात सांगण्यासारखं काही आहे असंही वाटत नव्हतं, दिग्यानं त्याच्याकडून ते उकरून काढलं.

गडबडीत डबा तिथंच राहिला. नोकरीचं उत्तर आलं नाही, पण थोड्या दिवसांनी कुरिअरनं डबा आला. घासून लख्ख केलेला. सोबत चिठ्ठी नाही, काही नाही.

सन्मतीच्या आईनं झाकण उघडून आत बघितलं. "रिकामा?"

आपल्याकडे शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा कुणी रिकामी देत नाही. "चिमूटभर साखर तरी घालायची," एवढंच म्हणून ती माउली आत गेली. पोराची नोकरी हुकल्याचं तिनं मनाला लावून घेतलं नव्हतं, पण त्या डब्याचं तिला फार लागलं.

* * *

आता वंदना. हिच्यापुढे आम्ही तिघंही पाणी भरतो.

गोकुळ शिरगावच्या एका कंपनीत तिच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटच्या फेरीत तर साहेबांनी कँटीनसुद्धा दाखवलं. मग शांतता. फोन केला की 'प्रोसेस चालू आहे.' एके दिवशी तिनं सरळ एसटी पकडली आणि कंपनीच्या गेटवर जाऊन उभी राहिली.

वॉचमननं विचारलं, "काय काम काढलासा ताई?"

"नकार घ्यायला आलेय."

"काय घ्यायला?"

"नकार. माझा हितं इंटरव्ह्यू झालाय. मला घेणार न्हाईत हे कळलंय मला. पण तसं कोण म्हणालं न्हाय. म्हणून घ्यायला आलेय."

वॉचमननं टोपी काढून डोकं खाजवलं. "ताई, हितं माल न्यायला येत्यात, चेक न्यायला येत्यात. नकार न्यायला कोण आलेलं मी तर बघितलं न्हाय." पण त्यानं स्वतःची खुर्ची तिला दिली आणि आत फोन लावला.

एचआरचे साहेब बाहेर आले. फीडबॅक द्यायची आमची पॉलिसी नाही, म्हणाले.

वंदना म्हणाली, "साहेब, आमच्यात पोरगी बघून गेलेले पाहुणेसुद्धा निरोप देतात. पत्रिका जुळत नाही म्हणतात. खोटं असतं, दोन्हीकडच्यांना ठाऊक असतं. पण निरोप येतो! तुम्ही निदान खोटं तरी सांगा!"

हे तिनं सांगितलं तेव्हा मी कट्ट्यावर सगळ्यांदेखत तिला हात जोडले. एवढ्या मोठ्या लोखंडी गेटसमोर, हातात फाईल, आणि मागणी काय तर खोटं तरी सांगा! बाप रे!

साहेबांनी मागे वळून बघितलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मॅडम, खोटं सांगायला आधी खरं ठाऊक पाहिजे. वरून नावं आली, त्यात तुमचं नव्हतं. मला कुठं कुणी काय सांगतंय!"

कट्ट्यावर हे ऐकून सन्मती हळूच म्हणाला, "म्हणजे त्यांच्याशीपण कोण बोलत न्हाय."

* * *

त्यानंतर वंदनेनं सोडलंच नाही. जिथून उत्तर येणार नाही तिथं ही स्वतः हजर! वॉचमन मंडळींत तिची ख्याती झाली. एका गेटवर ती उतरल्या उतरल्या वॉचमन आत ओरडला म्हणे, "नकारवाल्या ताई आल्या, चहा सांगा!"

एकदा एकाच सकाळी तिला चक्क दोन कारणं मिळाली. रस्त्याच्या डाव्या बाजूच्या कंपनीनं सांगितलं, तुमचं शिक्षण आमच्या कामाला जास्त होतंय. उजव्या बाजूच्या कंपनीनं सांगितलं, तुमचं शिक्षण आमच्या कामाला कमी पडतंय. दोन्ही गेटं समोरासमोर!

दिग्या उठून उभा राहिला. "म्हंजे वंदे, रस्त्याच्या मधोमध तू एकदम करेक्ट हाईस!"

आम्ही इतके हसलो की दुधाचा ठसका लागला. तीही हसली.

पण त्याच आठवड्यात एका संध्याकाळी ती आली, ग्लास घेतला आणि नुसता धरून बसली. फेस खाली बसला तरी तिनं तोंडाला लावला नाही.

"कारण कळलं असतं तर दुरुस्त केलं असतं रे," ती म्हणाली. "इंग्रजी कच्चं हाय म्हटलं असतं तर इंग्रजी शिकले असते. कोण कायच बोलत न्हाय. मग वाटतंय, एखादी गोष्ट न्हाय, सगळी मीच वाईट हाय."

मला त्या दिवशी भीती वाटली. गेटावर जाऊन साहेबांना गप्प करणारी ही मुलगी आतून अशी झिजत होती, आणि आम्ही तिचे किस्से करून हसत होतो. सन्मतीनं तिच्यासाठी दुसरा ग्लास सांगितला आणि ती तो पिईपर्यंत शेजारी बसून राहिला.

* * *

पुढे एकेकाचं मार्गी लागलं. दिग्या पुण्याला गेला, तूपवाल्या साहेबांकडे नव्हे. सन्मती पंपांच्या कारखान्यात लागला, मी फाउंड्रीत. वंदनेला कागलच्या एमआयडीसीतून फोन आला, सोमवारी या. का घेतलं ते तिला कुणी सांगितलं नाही, आणि या खेपेला ते विचारायचं तिनंही टाळलं!

आता ती स्वतः इंटरव्ह्यू घ्यायला बसते. मागच्या महिन्यात दिग्या सुट्टीवर आला म्हणून आम्ही चौघं कट्ट्यावर जमलो, तेव्हा तिनं हे सांगितलं.

एका जागेसाठी बरेच उमेदवार आले होते. निवड झाली. एचआरवाला फाईल मिटायला लागला तशी ही म्हणाली, "बाकीच्यांना कळवलं?"

"मॅडम, ज्याला घेतलं त्याला कळवलं की."

"बाकीचे नंबर द्या मला."

"शिव्या खाल मॅडम!"

हिनं एकेकाला फोन लावला. एकानं मध्येच कट केला. एकीनं पाऊण तास वाद घातला. एकानं खरंच शिव्या दिल्या. राहता राहिला भुदरगडकडचा एक मुलगा, आणि तिथं वंदना अडली. कारण तो आणि निवडलेला मुलगा अगदी तोडीस तोड होते. जागा एकच. याला नाकारायला कारणच नव्हतं! आयुष्यभर कारण मागत फिरलेली बाई फोन हातात धरून बसून राहिली.

शेवटी तिनं जे होतं ते सांगितलं. "तुमची निवड झाली नाही. तुमच्यात कमी काही नव्हतं. दोघं सारखेच होता, जागा एक होती, आम्ही दुसऱ्याला घेतलं. मला यापेक्षा चांगलं कारण सांगता येत नाही."

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग तो म्हणाला, "बरं मॅडम," आणि फोन बंद झाला.

वंदनेला जेवण गेलं नाही. आपण काय करून बसलो? आशेवर तरी होता बिचारा, तीही काढून घेतली. न बोलणाऱ्या कंपन्याच शहाण्या होत्या की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मॅडम, काल तुम्ही फोन केलासा न्हवं, त्यो पोरगा आलाय. आई-बापाला घिऊन आलाय."

एचआरवाला म्हणाला, "मी सांगितलं होतं!" वंदना एकटीच खाली गेली. गेटात पांढरी टोपी घातलेले वडील, शेजारी डोक्यावर पदर घेतलेली आई, मागे मान खाली घातलेला मुलगा. आणि वॉचमन पेढा हातात धरून गोंधळून उभा!

"लागला का पोरगा, पावणं?" तो विचारत होता.

"न्हाय ओ."

"मग पेढं कशाचं?"

वडिलांनी वंदनेला बघितलं आणि पेढ्यांचा बॉक्स दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला.

"इतकी वर्सं अर्ज करतंय पोरगं. कोण व्हय म्हणालं न्हाय, का कोण न्हाय म्हणालं न्हाय. काल पयल्यांदा नकार आला! घ्या बाई, तोंड गोड करा."