ओढ्याचा पुरा पत्ता

"हे कुणी लिहिलंय?" सरांनी बाटली उजेडात धरली. वरची चिठ्ठी मोठ्यानं वाचली, "वळसंग. महारवाड्यामागचा ओढा."

पोरं हसली. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी पुण्याचे पाहुणे आले होते. पाणकिड्यांचे जाणकार. सर माझ्याकडं बोट दाखवून त्यांना म्हणाले, "हिला चिखलात उतर म्हणावं लागत नाही. जन्माची सवय आहे."

पाहुणेही हसले. मी टाचा साडीत ओढून घेतल्या. भेगांत माती होती.

बाटलीतला किडा मी शोधलेला. डाळीएवढा. बहात्तरच्या दुष्काळानंतर ओढ्याला पाणी आलं, तेव्हापासून मी जाळी घेऊन त्यात उतरत होते. पाय, पंख, नराच्या शेपटाकडचे गळासारखे आकडे, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली बघून चित्रं काढली होती. पाहुण्यांनी डोळा लावला. माझी चित्रं शेजारी धरून पडताळली. मग म्हणाले, "नवी जात आहे."

जात म्हटल्यावर पोरं पुन्हा हसली.

सरांनी पत्ता खोडला. "जगभर छापून जाणार हे. नुसतं वळसंग पुरे. चालेल ना?"

"चालेल सर."

मीच म्हणाले. मान खाली घालून.

शनिवारी घरी गेले. आई भाकरी थापत होती. तिला किड्याचं सांगितलं.

"कुटं घावला म्हणून लिवलं?"

"वळसंगच्या ओढ्यात."

"गावाच्या अंगाला आपल्याला पाण्याला हात लावू देत न्हाईत. तितं कसा घावंल? आपल्या अंगाला म्हण की."

ती चिडली नव्हती. सरळ विचारत होती. पोरांच्या हसण्यानं वाटली नव्हती एवढी लाज आईपुढं वाटली. 

सोमवारी सरांना म्हणाले, "पत्ता पुरा लिहायचा. उद्या कुणी शोधायला गेलं तर त्याला किडा सापडला पाहिजे."

"मग मी लिहितोय त्या शोधनिबंधात तुझं नाव राहणार नाही."

"मग माझी चित्रंही राहणार नाहीत."

चित्रं गोळा केली.  एक कागद खाली पडला. कुणी उचलून दिला नाही. मी वाकले, उचलला.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतलं माझं टेबल दुसऱ्याला दिलेलं. बसायला जागा नाही. लाज गेली नव्हती. अजून जात नाही. कोपऱ्यातला जुना सूक्ष्मदर्शक खिडकीत ठेवला आणि उभ्यानंच कामाला लागले. निबंध मी लिहिणार. इथून हाकललं तर दुसरीकडं लिहिणार. खाली नाव माझं. नुसती आद्याक्षरं नाहीत. आडनावासकट.