रेडिओचं बटण

माझ्या मूर्खपणांची प्रतवारी लावायची तर पहिला नंबर चहाच्या पुड्यांचा.

कर्जतच्या कचेरीत मी नवा कारकून, लग्न त्याहून नवं. तेव्हा एका चहा कंपनीने टूम काढली होती. प्रत्येक पुड्यात रेडिओच्या एका भागाचं चित्र: स्पीकर, एरियल, काटा, दांडी, सेल, बटण. सहा वेगळी चित्रं पाठवा आणि खराखुरा ट्रान्झिस्टर घ्या. मला आठ-नऊ पुड्यांतच पाच चित्रं मिळाली. झालं! मी पोशीरला सासऱ्यांना निरोप धाडला, 'दिवाळसणाला मला काही देऊ नका, मीच रेडिओ घेऊन येतो.' सासऱ्यांनी तो निरोप गावभर केला.

मग बटण येईना.

कचेरीत तज्ज्ञांना तोटा नव्हता. एक म्हणाला, पुडा पेटीच्या तळातला घ्यावा. दुसरा म्हणाला, बटणं खालापूरच्या दुकानात निघतात. एस.टी.ने खालापूरला जाऊन मी चार पुडे आणले. चारही स्पीकर. हे तज्ज्ञ स्वतः चहा पीत तो दुसऱ्याच्या खिशातून. माझं शास्त्र तर त्याहून भिकार: इतके फुकट गेले, म्हणजे पुढचा नक्की! जणू पुडा आत बसून माझे हेलपाटे मोजत होता.

"आता आंघोळही चहानेच करा," बायको म्हणाली.

शेवटी मी दुकानात दाभण घेऊन गेलो आणि पुडे टोचून आत डोकावू लागलो. दुकानदाराने मनगट धरलं.

"भाऊसाहेब, टोचलेत तेवढे घरी न्या. आणि ऐका. पाच चित्रं कंपनी मुठीमुठीने टाकते, बटण चिमटीने. पाच लवकर मिळतात ती तुम्हाला सहाव्यामागे पळवायला."

मला सगळं कळलं. कळल्यावर मी टोचलेले सहा तर घेतलेच, वर न टोचलेले तीन घेतले. बायकोने ते घरात फोडू दिले नाहीत, म्हणून नऊही तसेच पिशवीत राहिले.

दिवाळीला पोशीरच्या ओटीवर निम्मा गाव रेडिओ ऐकायला बसलेला. मी पिशवीतून पाच चित्रं काढून मांडली आणि चिमटीचं शास्त्र समजावलं. सासऱ्यांनी चित्रांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मंजी रेडिओ नाय."

"एक बटण राहिलंय."

"जावयबापू, दाना नसलेला भारा आमी झोडत नाय. तुमी शिकलेले, तुमी झोडा."

ओटी खदखदून हसली. बायको आत निघून गेली. सासूबाईंनी चहा टाकायला पिशवीतला एक पुडा उचलला.

"थांब गं," सासरे म्हणाले. "आन हिकडं."

त्यांनी पुडा फोडला. दांडी.

"दुसरा बगू."

सेल. मग स्पीकर. मग पुन्हा दांडी. ओटीवरचं हसू थांबलं आणि माना पुढे आल्या. माझे नऊच्या नऊ पुडे फुटले. सासूबाई सगळी चहापत्ती परातीत गोळा करत होत्या. बटण नव्हतंच.

सासऱ्यांनी धोतर झटकलं, टोपी घातली.

"नेरळच्या बाजारात त्यो पुडा मिळतो का वं?"

"मिळतो. पण मामा, आत्ताच तर तुम्ही म्हणालात..."

"त्यो भारा तुमच्या हातचा व्हता," ते पायऱ्या उतरत म्हणाले. "आता नव फुकट गेलं, दहावा नक्की."

मी चपला घातल्या आणि त्यांच्या मागोमाग निघालो.